लाउडन काउंटीत राहायला येताय? आधी घराचा पत्ता नकाशावर टाका

"काकू, ॲशबर्न चांगलं आहे ना?" महिन्या-दोन महिन्यांतून एकदा मला हा फोन येतोच. ॲशबर्न म्हणजे अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या आमच्या लाउडन काउंटीतली वस्ती, वॉशिंग्टनच्या पश्चिमेला. कुणाची भाची पुण्याहून येणार असते, कुणी न्यू जर्सीहून बदली घेतलेली असते. ऑफिस रेस्टनला, मूल पहिलीत आणि पंधरा दिवसांत घर ठरवायचं. नुसतं "हो" म्हणून त्यांचं काम होत नाही, कारण ॲशबर्न हे नाव पोस्टाचं आहे. तिथे महापौर नाही, नगरपालिका नाही, गावाची वेस नाही. त्याच ॲशबर्नमध्ये एक घर मेट्रो स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर असतं, दुसरं डेटा सेंटरच्या कुंपणाला लागून. म्हणून मी पहिल्यांदा सांगते: गावाचं नाव राहू दे, घराचा पूर्ण पत्ता पाठव. तो पत्ता हातात आल्यावर काय काय तपासायचं, ते इथे लिहिते आहे. मी २०११ मध्ये आले तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं.

आधी काउंटी म्हणजे काय ते समजून घ्या

काउंटी म्हणजे आपला जिल्हा, असं ढोबळमानाने म्हणता येईल. पण जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद आणि महापालिका यांच्यात आपल्याकडे वाटलेली कामं इथे बरीचशी एकाच छताखाली असतात. जमिनीचे नियम, मालमत्ता कर, ग्रंथालयं, बागा, आगीचे बंब हे सगळं काउंटी बघते आणि शाळांना पैसेही देते. कारभार नऊ जणांच्या मंडळाकडे आहे: आठ विभागांचे आठ प्रतिनिधी आणि संपूर्ण काउंटीने निवडून दिलेला एक अध्यक्ष. शाळांचं मंडळ वेगळं, तेही निवडून आलेलं. पोलिसांचं काम शेरीफ करतो. मुंबईत शेरीफ म्हणजे नगरपाल, एक मानाचं पद. इथला शेरीफ लोकांनी निवडून दिलेला, प्रत्यक्ष गस्त घालणाऱ्या दलाचा प्रमुख आहे.

रस्ते मात्र काउंटीचे नाहीत. व्हर्जिनियात बहुतेक काउंट्यांमधले सार्वजनिक रस्ते राज्याचं परिवहन खातं सांभाळतं, त्यामुळे खड्ड्याची तक्रार तिकडे करायची. आणि टाउनहाउसच्या वसाहतींमधल्या गल्ल्या पुष्कळदा वसाहतीच्या मालकीच्या असतात, तिथला बर्फ वसाहतीने काढायचा. पहिल्या मोठ्या हिमवर्षावात आम्ही दोन दिवस राज्याच्या नांगराची वाट बघत बसलो होतो, तेव्हा हे कळलं.

पूर्ण काउंटीत कागदोपत्री गावं सातच: लीसबर्ग, पर्सेलव्हिल, हॅमिल्टन, राउंड हिल, हिल्सबरो, लव्हेट्सव्हिल आणि मिडलबर्ग. यांना स्वतःचा महापौर आणि गावसभा आहे. गावात राहिलात तर काउंटीच्या करावर गावाचा कर वेगळा. बाकी ॲशबर्न, स्टर्लिंग, ब्रॅम्बलटन, साउथ रायडिंग, ऑल्डी ही सगळी नावं वस्त्यांची किंवा पोस्टाची. लॅन्सडाउनच्या घरांच्या पत्त्यावर "लीसबर्ग" असतं, पण ती घरं लीसबर्ग गावाच्या हद्दीत नाहीत. साउथ रायडिंगच्या पत्त्यावर वर्षानुवर्षं "शँटिली" लिहिलं जातं, आणि शँटिली तर शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीत. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने पत्त्यावरून फेअरफॅक्सची शाळा गृहीत धरली आणि भाडेकरारावर सही झाल्यावर त्यांना खरं काय ते समजलं. काउंटीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की विभाग, शाळा, गावाची हद्द सगळं दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. सहीच्या आधी करा.

पूर्व, मधला पट्टा आणि पश्चिम

लाउडन १७५७ मध्ये फेअरफॅक्समधून वेगळी झाली. उत्तरेला पोटोमॅक नदी, पश्चिमेला ब्लू रिजचे डोंगर, मध्ये सुपीक जमीन. दोनशे वर्षं हा गव्हाचा, गुराढोरांचा, दुधाचा मुलूख होता. १९६० मध्ये लोकसंख्या होती साडेचोवीस हजार. १९६२ मध्ये फेअरफॅक्सच्या सीमेवर डलस विमानतळ सुरू झाला. त्यासाठी सांडपाण्याच्या मोठ्या वाहिन्या आल्या, आणि वाहिनी आली की घरं येतातच. विमानतळाच्या उत्तरेला स्टर्लिंग पार्क ही पहिली मोठी वसाहत त्याच सुमारास उभी राहिली. १९९० मध्ये लोकसंख्या ८६ हजार झाली, २००० मध्ये एक लाख सत्तर हजार, आणि २०२० च्या जनगणनेत ४ लाख २० हजार ९५९. म्हणजे तीस वर्षांत जवळजवळ पाचपट. पिंपरी-चिंचवड किंवा हिंजवडी वाढताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हा वेग कळेल. फरक इतकाच, की इथे वाढ कुठे थांबवायची याची रेघ नकाशावर ओढलेली आहे.

ही रेघ समजून घेण्यासारखी आहे. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या विकास आराखड्यात पूर्वेला उपनगरी भाग, पश्चिमेला ग्रामीण भाग आणि दोन्हींच्या मध्ये संक्रमणाचा पट्टा आहे. पूर्वेकडे नळाचं पाणी आणि सांडपाण्याची वाहिनी. पश्चिमेला बहुतेक घरांना स्वतःची विहीर आणि सेप्टिक टाकी. पश्चिमेकडचं मोठ्या अंगणाचं घर फोटोत फार गोड दिसतं, पण घेण्याआधी विहिरीचं पाणी आणि टाकी दोन्ही तपासून घ्या. मधल्या पट्ट्यात आज समोर मक्याचं शेत आहे म्हणून पाच वर्षांनी असेलच, असं धरू नका. समोरच्या जमिनीवर बांधकामाचा अर्ज दाखल आहे का ते काउंटीच्या नकाशावर दिसतं.

वस्त्यांबद्दल माझं मत विचाराल तर असं. स्टर्लिंग जुनं आहे, घरं लहान, झाडं मोठी, आणि पूर्वेकडच्या मानाने परवडणारं. मध्य अमेरिकेतून आलेली, आफ्रिकेतली, दक्षिण आशियाई अशी सगळी कुटुंबं तिथे शेजारी शेजारी राहतात. "जुनं आहे" म्हणून आपले लोक ते टाळतात, हे मला पटत नाही. नुकत्याच आलेल्या, एकाच पगारावर चालणाऱ्या कुटुंबाला मी आधी स्टर्लिंग दाखवते. ॲशबर्न आणि ब्रॅम्बलटन नव्या आखणीचे: तळी, पायवाटा, पोहण्याचे तलाव, आणि प्रत्येक बसस्टॉपवर तेलुगू, हिंदी, मराठी कानावर पडतं. दक्षिणेला साउथ रायडिंग आणि स्टोन रिज, तिथेही आपली खूप माणसं आहेत. पण तिथून मेट्रो दूर आहे आणि रूट ५० वर सकाळी गर्दी असते. लीसबर्गला जुना बाजार आहे, चालत फिरण्यासारखा. विटांचं कोर्ट, कॉफीची दुकानं, दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकेचे लष्करप्रमुख जनरल जॉर्ज मार्शल यांचं घर. गावपण हवं असेल आणि रोज वॉशिंग्टनला जायचं नसेल तर मला लीसबर्ग सगळ्यात आवडतं.

कामावर कसं जाणार, हे घर ठरवण्याआधी

मेट्रोची सिल्व्हर लाइन १५ नोव्हेंबर २०२२ रोजी ॲशबर्नपर्यंत आली. काउंटीत तीन स्टेशनं: डलस विमानतळ, लाउडन गेटवे आणि शेवटचं ॲशबर्न. गेटवेच्या आसपास घरं शोधू नका, मिळायची नाहीत. विमानांच्या आवाजामुळे तिथे राहती घरं बांधायला परवानगीच नाही. ॲशबर्नहून वॉशिंग्टनच्या मध्यावर पोचायला तास-सव्वा तास धरा. रेस्टन, टायसन्सला काम असेल तर मेट्रो फारच सोयीची.

गाडीने जाणार असाल तर डलस ग्रीनवेचा हिशोब मांडा. १९९५ मध्ये सुरू झालेला हा चौदा मैलांचा खाजगी रस्ता आहे आणि पूर्ण अंतराला टोल पाच डॉलरहून जास्त पडतो. पुढे टायसन्सपर्यंत डलस टोल रोडचे पैसे वेगळे. जाऊन-येऊन महिन्याचे किती होतात ते भाड्यात मिळवून पाहा. दोनशे डॉलरने स्वस्त वाटणारं घर मग स्वस्त राहत नाही. फुकटचे रस्ते आहेत, रूट ७ आणि रूट २८, पण एकदा मंगळवारी सकाळी आठ वाजता स्वतः गाडी चालवून बघा. रविवारी दुपारी बघून काही कळत नाही.

मेरीलँडमध्ये नोकरी असेल तर इथेच थांबा आणि नीट वाचा. नकाशावर लीसबर्गच्या समोर नदीपलीकडे मेरीलँड दिसतं, वाटतं पंधरा मिनिटांत पोचू. पूर्वी व्हाइट्स फेरी नावाचा तराफा गाड्या पलीकडे न्यायचा. डिसेंबर २०२० मध्ये तो बंद पडला. काउंटीतून नदी ओलांडायला पूल तीनच, पॉइंट ऑफ रॉक्स, ब्रन्सविक आणि हार्पर्स फेरीजवळचा, तिन्ही वर उत्तरेला. नाहीतर थेट बेल्टवेच्या, म्हणजे वॉशिंग्टनभोवतीच्या वळणरस्त्याच्या पुलापर्यंत जा. मेरीलँडमधल्या रॉकव्हिलला रोज जायचं असेल तर मी लाउडन सुचवत नाही.

आवाज: कानाने तपासा

आम्ही आमचं पहिलं घर एका रविवारी अकरा वाजता बघितलं. शांतच शांत. राहायला आलो त्या आठवड्यात वारा फिरला. संध्याकाळी पाचनंतर लांब पल्ल्याची विमानं एकामागून एक डोक्यावरून जायला लागली, ओट्यावरच्या वाट्या किणकिणायच्या. डलसला चार धावपट्ट्या आहेत, आणि वाऱ्याप्रमाणे विमानं चढायची-उतरायची दिशा बदलते. एका भेटीत तुम्हाला अर्धंच चित्र दिसतं. विमानतळाच्या आवाजाचे पट्टे काउंटीच्या नकाशावर आखलेले आहेत. पत्ता त्यावर बघा, आणि घर आवडलं तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी पुन्हा जाऊन अर्धा तास बाहेर उभे राहा.

दुसरा आवाज डेटा सेंटरचा. १९९० च्या दशकात एओएल या इंटरनेट कंपनीचं मुख्यालय डलसजवळ आलं, फायबरचं जाळं दाट झालं, आणि त्या जाळ्याभोवती जगातला डेटा सेंटरचा सगळ्यात मोठा समूह उभा राहिला. खिडक्या नसलेल्या करड्या प्रचंड इमारती तुम्हाला वॅक्सपूल रोडवर, लाउडन काउंटी पार्कवेवर जागोजागी दिसतील. त्यांच्या करातून काउंटीला भरपूर पैसा मिळतो. घरांवरचा कर त्यामुळे कमी ठेवता येतो आणि शाळांना पैसा पुरतो. पण शीतकरणाच्या पंख्यांची एकसुरी घरघर, वीज गेली तर चालणारे डिझेल जनरेटर, आणि विजेच्या उंच तारांचे नवे मनोरे हेही त्यांच्याबरोबर येतात. हिवाळ्यात झाडांची पानं गळली की घरघर जास्त ऐकू येते. घराच्या हजार-दोन हजार फुटांत मोकळा भूखंड असेल तर तिथे काय होणार आहे ते विचारून घ्या. "ऑफिस पार्क" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका.

घर भाड्याने घेताना

व्हर्जिनियाच्या कायद्यानुसार अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि घर सोडल्यावर ४५ दिवसांत हिशोबासह परत द्यावी लागते. आत शिरताना घराच्या अवस्थेची यादी मिळते. तिच्यावर आक्षेप नोंदवायला पाच दिवस असतात. ते पाच दिवस सामान लावण्यात घालवू नका. प्रत्येक भिंतीचा, गालिच्यावरच्या प्रत्येक डागाचा फोटो काढा आणि मेलने पाठवा. आमचे एक घरमालक आधीपासून असलेल्या डागाचे पैसे कापायला निघाले होते, फोटोंनी वाचवलं.

विकत घेणार असाल तर एचओएचे कागद वाचा. एचओए म्हणजे आपली सोसायटीच, पण अधिकार बरेच. दाराचा रंग, बाहेर गाडी कुठे लावायची, अंगणात कपडे वाळत घालायचे की नाही, सगळं त्यात येतं. विक्रीच्या वेळी हे कागद मिळाल्यावर सौदा रद्द करायला सहसा तीन दिवसांची मुदत असते. महिन्याच्या वर्गणीत काय येतं तेही विचारा, काही वसाहतींत इंटरनेटसुद्धा त्यातच असतं.

शाळा

फोनवर सगळ्यात जास्त वेळ यावरच जातो. शाळा पत्त्यावर ठरते, आणि पत्त्याची शाळा कायमची नसते. नव्या शाळा उघडल्या की हद्दी पुन्हा आखतात, त्यावर दर काही वर्षांनी मोठे वाद होतात. "अमुक शाळेसाठी" म्हणून ऐपतीबाहेर घर घेऊ नका. क्रमवारीच्या दहापैकी नऊ-आठमध्ये मला तरी माझ्या मुलांच्या शिक्षणात फरक दिसला नाही. वर्गशिक्षिका कशी मिळाली यानेच फरक पडला.

बालवर्गासाठी, म्हणजे किंडरगार्टनसाठी, ३० सप्टेंबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण हवीत. नोंदणीला जन्मदाखला, राहत्या घराचा पुरावा, डॉक्टरांनी भरलेला आरोग्याचा फॉर्म आणि लसींची नोंद लागते. भारतातून येताना लसींचं पुस्तक हाताच्या बॅगेत ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांकडून तारखा इंग्रजीत टाइप करून सही-शिक्का घ्या. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही, इथे मागतात. तिच्यासाठी प्रवेश अडलेला मी पाहिला आहे. मोठ्या मुलांना विज्ञान-तंत्रज्ञानाची ओढ असेल तर २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'अकॅडमीज ऑफ लाउडन'ची माहिती आठवीच्या सुरुवातीलाच काढा, प्रवेश अर्जाने होतो.

गाडी, कर आणि तारखा

राहायला आल्यापासून ३० दिवसांत गाडीची व्हर्जिनियात नोंदणी, ६० दिवसांत इथला परवाना. दरवर्षी सुरक्षा तपासणी, आणि लाउडनमध्ये दोन वर्षांतून एकदा धुराची तपासणीही. हे बाकीच्या राज्यांतून आलेल्यांनाही माहीत असतं. धक्का बसतो तो गाडीवरच्या कराने. इथे गाडीच्या किमतीवर दरवर्षी काउंटी कर घेते, दोन हप्त्यांत: ५ मे आणि ५ ऑक्टोबर. घराचा कर ५ जून आणि ५ डिसेंबर. नवी चकचकीत गाडी घेताना हा कर हप्त्यात धरा. आणि डीएमव्हीत, म्हणजे राज्याच्या वाहन खात्यात, नोंद झाली म्हणजे काउंटीला कळवून झालं, असं समजू नका. महसूल आयुक्तांच्या कार्यालयात गाडी नोंदवायची ती वेगळी.

गोचीड आणि हरणं

हसू नका, हे गंभीर आहे. गोठ्यातली गोचीड आपल्याला माहीत असते, इथली हरणांवरची गोचीड तिळाएवढी, कधी खसखशीएवढी असते, आणि तिच्यामुळे लाइम हा आजार होतो. लाउडनमध्ये त्याचं प्रमाण बरंच आहे. एप्रिल ते ऑक्टोबर मुलं गवतातून, झाडीतून खेळून आली की मोजे काढून घोटे, गुडघ्यामागची वळी, काखा, कानामागे, केसांत बोटं फिरवून बघा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढा. तेल, मीठ, काडी यांतलं काही लावू नका. काही दिवसांनी लाल गोल चट्टा किंवा ताप आला तर लगेच डॉक्टरकडे जा. माझ्या धाकट्याच्या मानेवर केसांच्या रेषेत मिळाली होती, मी तीळ समजून दोन दिवस सोडून दिली. औषधाने तो बरा झाला, पण ते दोन दिवस मला अजून बोचतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी गाडी हळू चालवा. एक हरीण रस्ता ओलांडून गेलं की थांबा, मागून दुसरं येतंच.

रुग्णालयं दोन लक्षात ठेवा: लॅन्सडाउनचं इनोव्हा लाउडन आणि दक्षिणेकडच्यांसाठी स्टोनस्प्रिंग्ज.

माणसं

काउंटीत दर पाच जणांमागे एक आशियाई वंशाचा आहे आणि त्यांत भारतीय सगळ्यात जास्त. शाळांच्या अलीकडच्या वेळापत्रकांत दिवाळीची सुट्टी असते. सुहास सुब्रमण्यम या इथल्याच रहिवाशाला २०२४ मध्ये या भागाने अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून दिलं. मराठी कला मंडळ वॉशिंग्टन परिसरात जुनं आहे, गणपती-दिवाळीला तिथे गाठी पडतात. रविवारी हॅन्सन पार्कवर क्रिकेट चालू असतं, नुसतं जाऊन उभे राहिलात तरी अकरावा गडी म्हणून ओढतील. ग्रंथालयाचं कार्ड पहिल्याच आठवड्यात काढा. आई-बाबा भारतातून आले की त्यांचा दिवस तिथे जातो, आणि इंग्रजी संभाषणाचे मोफत वर्गही असतात.

पण फक्त आपल्यातच राहू नका, ही विनंती आहे. पश्चिमेला जा. वॉटरफर्डला जा: क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १७३३ च्या सुमारास वसवलेलं गाव, आजही तसंच, वळणावळणाची एक गल्ली आणि दगडी भिंती. यादवी युद्धात व्हर्जिनिया दक्षिणेच्या बाजूने लढत असताना या गावाच्या आसपासच्या लोकांनी उत्तरेच्या बाजूने आपली तुकडी उभी केली होती. तिथे जायचा मातीचा रस्ता धरा. लाउडनमध्ये असे कच्चे रस्ते अजून अडीचशे मैलांच्या आसपास आहेत, आणि इथली माणसं ते डांबरी होऊ नयेत म्हणून झटतात. वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन या जुन्या रेल्वेमार्गावरची सायकलची वाट पर्सेलव्हिलला संपते. ॲशबर्नहून सायकलने निघून तिथे लाकडी बाकावर पाय लांब करून बसा.

आणि लीसबर्गमध्ये डग्लस शाळेसमोर एकदा थांबा. कृष्णवर्णीय मुलांसाठी काउंटीत हायस्कूल धड नव्हतं, तेव्हा पालकांनी जेवणावळी, कार्यक्रम करून पैसे जमवले, जमीन स्वतः विकत घेतली आणि काउंटीला दिली. १९४१ मध्ये शाळा उघडली. आज ज्या काउंटीच्या शाळांच्या नावाने आपण घरं शोधतो, तिथल्या सगळ्या शाळा सगळ्यांसाठी खुल्या व्हायला १९६८ उजाडलं.

काउंटीच्या मंडळाच्या जनसुनावणीत नागरिकत्व नसलेल्यांनाही बोलता येतं, मतदान तेवढं करता येत नाही. नाव नोंदवायचं, आपली वेळ आली की उठून बोलायचं. आमच्या वसाहतीसमोर रस्ता रुंद होणार होता तेव्हा शेजारच्या आजी, सोलापूरच्या, सहा महिन्यांसाठी लेकाकडे आलेल्या, नऊवारीत उभ्या राहिल्या. सुनेने भाषांतर केलं. नातवंडांची बस जिथे थांबते तिथे पादचाऱ्यांना ओलांडायला जागा ठेवा, एवढंच त्या म्हणाल्या. आता तिथे पांढरे पट्टे आहेत आणि दाबायचं बटण आहे. पत्ता पाठवलात की तो कुठे आहे ते दाखवते.